स्थानकांवरील मार्गदर्शक फलक : लंडन ते दादर

आगगाडीच्या इतिहासात इंजिने, पूल, बोगदे आणि भांडवल यांवर विपुल लेखन झालेले आहे. स्थानकावरील फलकांचा विषय मात्र बहुधा मुद्रणकलेच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो आणि त्यांचे विवेचन साहजिकच अक्षरांच्या वळणापाशी थांबते. उतारूस वाट दाखविण्याचा प्रश्न प्रथम प्रशासनाचा असतो आणि मग अक्षराचा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोणत्या वस्तूस कोणते नाव द्यावयाचे, ते कोणी ठरवावयाचे आणि तो निर्णय शेजारच्या कंपनीने मानावयाचा की नाही, हे निश्चित झाल्यावाचून उत्तमांतील उत्तम अक्षरही निरुपयोगी ठरते. या दृष्टीने लंडनच्या भुयारी रेल्वेचा इतिहास विशेष बोधप्रद आहे.

लंडनमध्ये पहिली भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. जमिनीवरील प्रवासात उतारू खिडकीबाहेर पाहून गाव ओळखतो. नदी, देवळाचा कळस, बाजार अशा खुणा त्याच्या ओळखीच्या असतात. भुयारात अशी एकही खूण नसते. १८९० मध्ये निघालेल्या सिटी अँड साउथ लंडन या विजेवरील रेल्वेच्या चालकांनी तर असा तर्क लढविला की, बाहेर पाहण्यासारखे काहीच नसताना खिडक्या हव्यात कशाला? त्यांनी डब्यांना छताशी अरुंद झरोके तेवढे ठेवले. स्थानकाचे नाव डब्यातील नोकराने मोठ्याने सांगावयाचे, अशी व्यवस्था होती. म्हणजे फलकाचे काम माणसाच्या घशावर टाकलेले होते! लोकांनी या डब्यांना गाद्या ठोकलेल्या कोठडीची उपमा दिली आणि पुढे कंपनीला खिडक्या मोठ्या कराव्या लागल्या.

१९०६-०७ मध्ये आणखी तीन भुयारी मार्ग खुले झाले. त्यांच्या स्थानकांचे शिल्पज्ञ लेस्ली ग्रीन यांनी निराळा उपाय योजिला. प्रत्येक फलाटाच्या भिंतीवर चकचकीत फरशा, त्यांच्या रंगांची व आकृतींची रचना स्थानकागणिक वेगळी, आणि स्थानकाचे नाव त्या फरशांतच भाजून काढलेले. नित्याच्या उतारूस नाव न वाचताही रंगावरून स्थानक ओळखता यावे, ही सोय खरोखर सुंदर होती. परंतु भिंतीत भाजलेले नाव बदलता येत नाही. गिलेस्पी रोड या स्थानकाचे नाव १९३२ साली तेथील फुटबॉल संघावरून आर्सेनल असे करण्यात आले. फलाटाच्या भिंतीवर मात्र जुने नाव मोठ्या अक्षरांत आजही वाचावयास मिळते. इतिहासप्रेमी माणसास त्याचा आनंद होईल, नवख्या उतारूचे काय होत असेल ते सांगता येत नाही.

या सुमारास फ्रँक पिक (१८७८-१९४१) हे गृहस्थ कंपनीच्या सेवेत आले. शिक्षणाने ते वकील होते, चित्रकार नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९०८ मध्ये प्रसिद्धीचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा फलाटाच्या भिंती जाहिरातींनी भरून गेल्या होत्या. साबण, कोको, औषधे यांच्या रंगीत गर्दीत स्थानकाच्या नावाची पाटी आणखी एका जाहिरातीसारखी भासे. जाहिरातींचे उत्पन्न सोडणे कंपनीला शक्य नव्हते. पिक यांनी जाहिरातींना ठराविक चौकटी नेमून दिल्या आणि नावाच्या पाटीमागे लाल रंगाची भरीव तबकडी घातली. तीवर आडवी निळी पट्टी आणि पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नाव. गाडी फलाटात शिरताच डोळा प्रथम त्या लाल वर्तुळाकडे जाई आणि तेथे नाव हमखास सापडे. वाचण्यापूर्वी शोधावे लागते, आणि शोधण्याचे श्रम वाचविणे हे फलकाचे पहिले कर्तव्य होय, हे तत्त्व येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे अमलात आलेले दिसते.

त्याच वर्षी दुसरीही एक घटना घडली. माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या भुयारी कंपन्यांनी ‘अंडरग्राउंड’ हे समाईक नाव स्वीकारले आणि सर्वांचे मार्ग दाखविणारा एक नकाशा काढला. एका कंपनीच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत बसणाऱ्या माणसास कंपन्यांच्या भागीदारांशी कर्तव्य नसते. त्याला सगळे भुयार एकच वाटते. ही उतारूची दृष्टी चालकांनी प्रथमच मान्य केली. मात्र ती सर्वांनी मनापासून मान्य केली असे नव्हे. मेट्रोपॉलिटन कंपनीने पुढे वर्तुळाऐवजी लाल समभुज चौकोनावर निळी पट्टी घालून आपला सवता सुभा राखला. १९३३ साली लंडनची वाहतूक एका सार्वजनिक मंडळाकडे आली, तेव्हा कोठे या चौकोनाचे दिवस भरले.

अक्षराचा प्रश्न यानंतर आला. पिक यांनी १९१३ मध्ये सुलेखनाचे अध्यापक एडवर्ड जॉन्स्टन (१८७२-१९४४) यांना नव्या अक्षरासाठी पाचारण केले. हे अक्षर जाहिरातीतील अक्षरांपासून झटकन वेगळे दिसावे, आणि ते विसाव्या शतकाचे असावे, अशी अपेक्षा होती. १९१६ मध्ये तयार झालेल्या जॉन्स्टन यांच्या अक्षरांना टोकांशी फाटे नाहीत, रेषेची जाडी सर्वत्र जवळजवळ सारखी. परंतु प्रमाणे मात्र प्राचीन रोमन शिलालेखांची. ‘ओ’ पूर्ण वर्तुळाकार आहे. लहान ‘एल्’च्या पायाशी त्यांनी एक बाक दिला, तेणेकरून तो मोठ्या ‘आय्’हून निराळा ओळखू यावा. ‘आय्’वरील टिंब त्यांनी चौकोन कोनावर उभा करून काढले. या टिंबाला उपयोगाचे कारण शोधण्यात अर्थ नाही. बोरूचा हात तेथे दिसतो इतकेच. हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये रेखाटलेला आणि १९३३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेला नकाशा सर्वश्रुतच आहे. आडव्या, उभ्या आणि पंचेचाळीस अंशांच्या रेषांनी केलेल्या या आकृतीत जमिनीवरील अंतराला स्थान नाही, कारण भुयारातील उतारूस अंतर दिसतच नाही. त्याला क्रम आणि गाडी बदलण्याचे ठिकाण एवढेच हवे असते.

भुयाराबाहेरील ब्रिटिश रेल्वेची कथा याच्या अगदी उलट घडली. १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तरी सहा विभागांनी सहा रंग धरले : पश्चिमेस तपकिरी, दक्षिणेस हिरवा, स्कॉटलंडात फिकट निळा, इत्यादी. अक्षर एक आणि पाटीचा आकारही एक, पण रंगांतून जुन्या कंपन्यांचा अभिमान डोकावत राहिला. १९६५ मध्ये जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी सिद्ध केलेले ‘रेल अल्फाबेट’ आल्यावर हा भेद संपला. त्यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पांढऱ्यावर काळे अक्षर आणि काळ्यावर उजळलेले पांढरे अक्षर यांसाठी जाडीचे दोन निरनिराळे प्रकार केले होते, कारण उजळ अक्षर डोळ्यास आहे त्याहून जाड भासते. दुसरी गोष्ट अंतराची. प्रत्येक अक्षर आपापल्या फरशीसारख्या तुकड्यावर बेतलेले असून त्या तुकड्याच्या रुंदीतच दोन अक्षरांमधील मोकळी जागा धरलेली होती. तुकडे शेजारी शेजारी मांडले की शब्द सुटसुटीत दिसे. सुलेखन न शिकलेल्या कामगाराकडूनही चूक होत नसे. १९९४ पासून खाजगीकरण झाले आणि चालक कंपन्यांबरोबर फलकांचे रंगढंग पुन्हा फुटले. २०२० मध्ये कॅल्व्हर्ट यांनीच हेन्रिक क्यूबेल यांच्यासह या अक्षराची दुसरी आवृत्ती स्थानकांसाठी तयार केली.

येथे देवनागरीविषयी एक शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्लंडात मोठी अक्षरे की लहान, यावर कडाक्याचा वाद झाला. आपल्या लिपीत हा भेदच नाही. आपल्याकडे शब्दाला आकार येतो तो शिरोरेषेच्या वरच्या वेलांट्या-मात्रांनी आणि खालच्या उकारांनी. त्यामुळे पाटीच्या उंचीत वर व खाली जागा सोडावी लागते आणि मूळ अक्षर त्या मानाने लहान काढावे लागते. रोमन ओळीइतकीच उंची देवनागरी ओळीस दिली, तर समानता कागदावर राहते, वाचणाऱ्यास ती मिळत नाही. शिवाय मराठी आणि हिंदी यांची लिपी एक असल्याने आमच्या पाट्यांवर एकाच लिपीत दोन ओळी येतात. ‘वांद्रे’ आणि ‘बांद्रा’ यांसारख्या ठिकाणी त्या दोन ओळींना अर्थ आहे. ‘दादर’ या नावाच्या बाबतीत तीच अक्षरे दोनदा लिहून जागा खर्ची पडते.

दादरचा उल्लेख आलाच आहे, तर मूळ मुद्द्याकडे वळू. येथे दोन रेल्वे एकमेकींस खेटून गेलेल्या आहेत. पूर्वेची ग्रेट इंडियन पेनिन्सुला, पश्चिमेची बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया. दोघींनी आपापले फलाट एकपासून मोजले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पहिलीतून मध्य रेल्वे आणि दुसरीतून पश्चिम रेल्वे अशी पुनर्रचना झाली; दोन्ही सरकारच्याच होत्या, पण मोजणी दोन ठिकाणांहून चालूच राहिली. परगावाहून येणाऱ्या पाहुण्यास ‘चार नंबरवर उभा राहा’ असा निरोप धाडला, तर तो कोणत्या चारवर उभा राहील हे दैवाधीन असे. दोन्ही ठिकाणच्या फलकांवरील ‘४’ हा अंक स्वच्छ, ठळक आणि लांबून दिसणारा होता. त्याच्या वळणात दोष काढण्यास जागा नव्हती. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे क्रमांक मिळाले. पुनर्रचनेपासून मोजले तरी या साध्या बेरजेस बहात्तर वर्षे लागली. दादरच्याच उत्तरेस मध्य रेल्वेवर माटुंगा आणि पश्चिम रेल्वेवर माटुंगा रोड अशी दोन स्थानके आहेत. त्या जोडीला असा उपाय अद्याप लाभलेला नाही.