देवगिरीचा हिशेबनीस आणि पॅरिसचे ताल

केम गावचं कुंकू कुठवर जातं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. देवगिरीहून गेलेला एक माल मात्र कुणाच्या खतावणीत नाही. युरोपातल्या सर्वांत दुर्बोध ठरलेल्या संगीताची लय, माझ्या मते, तिथूनच निघाली.

या संगीताची सर्वमान्य कुळकथा छोटी आहे. १९२०च्या दशकात व्हिएन्नात संगीतकार शोनबर्गने सप्तकातल्या बाराही स्वरांना सारखा मान देऊन त्यांचा एक क्रम बांधला. शिष्य वेबर्नने तो आणखी आवळला. दुसऱ्या महायुद्धानंतर बुलेझ आणि श्टोकहाउझेनने काळ, जोर, आघात हेही क्रमात ओवले. हाच तो सिरियलिझम. पण स्वरांचा नियम काळाला लावण्याची वाट कुणी दाखवली?

फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँने. लाव्हिन्याकच्या संगीतकोशात जोआनी ग्रोसे यांनी भारतावर लिहिलेल्या प्रकरणात त्याला १२० देशी तालांचा तक्ता सापडला. तो शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तला. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाचं श्रीकरण, म्हणजे जमाखर्चाचं खातं, सांभाळत होता. पुढे हेच खातं हेमाडपंताकडे आलं.

त्या तक्त्यातला रागवर्धन ताल पाहा: द्रुत, सविराम द्रुत, द्रुत, प्लुत. मात्रा अर्धी, पाऊण, अर्धी, तीन. पहिले तीन उलटे वाचले तरी तेच! युद्धबंदी मेसियाँने जर्मन छावणीत लिहिलेलं ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ तिथेच १५ जानेवारी १९४१ला वाजलं. त्याच्या पहिल्या भागात पियानोची १७ कालमूल्यांची माळ रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश यांतून गुंफली आहे; तिच्यावर २९ स्वरसंघांची दुसरी माळ फिरते.

यावर कुणी म्हणेल, दोन असमान माळा फिरवणं ही तर संगीतकार माशोच्या काळातली, चौदाव्या शतकातली फ्रेंच युक्ती. कबूल. पण माळेतले मणी देवगिरीचे.

दुसरा आक्षेप जड आहे. १९४९मध्ये मेसियाँने पियानोसाठी एक रचना केली: ३६ स्वर, २४ कालावधी, १२ आघात, ७ जोर. तिच्यातलेच बारा स्वर उचलून त्याचा शिष्य बुलेझने ‘स्ट्रक्चर्स’ मांडलं. मेसियाँच्या या रचनेत शार्ङ्गदेवाचा एकही ताल नाही. कालावधी एक-एक एकक वाढत जातात. मला तर नेमकं तेच हवं आहे. युरोपची जुनी लय ठरलेल्या मापाचे भाग पाडत जाते. शार्ङ्गदेवाचा विराम अर्ध्यावर पाव ठेवून पाऊण करतो. काळ वाटायचा नाही, मोजत वाढवायचा, ही हिशेबनिसाची रीत. मेसियाँने स्ट्राव्हिन्स्कीतही ती हेरली होती. पण तिचा १२० नोंदींचा तक्ता यादवांच्याच दप्तरात होता.

आणि क्रमांचं वेडही इथलंच. सात स्वरांचे ५,०४० क्रम होतात, आणि त्यांतला हवा तो क्रम यादी न करता खंडमेरू नावाच्या कोष्टकाने कसा काढायचा, हे शार्ङ्गदेवाने लिहून ठेवलंय. शोनबर्गला बारा स्वर मिळाले, म्हणून त्याचे क्रम ४७,९०,०१,६०० झाले. आकडा वाढला, गणित तेच राहिलं.