जालना मोसंबी

जालना मोसंबी : जालना जिल्ह्यात पिकणारे, भौगोलिक मानांकन लाभलेले लिंबूवर्गीय फळ. मानांकन 2016 मध्ये मिळाले. जालना, बदनापूर, अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. न्यूसेलर हा येथील प्रमुख वाण. कलमे बहुधा रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र बदनापूरला आहे.

या पिकाचे अर्थकारण पाण्यावर उभे आहे. 6 × 6 मीटर अंतराने हेक्टरी सुमारे 277 झाडे बसतात आणि पहिले चांगले उत्पन्न हाती येण्यास चार-पाच वर्षे लागतात. काही काळ पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि बहार, म्हणजे फुलोरा, धरतात. आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, म्हणजे त्याचे कोवळे फळ ऐन उन्हाळ्यात विहिरीच्या भरवशावर जगवावे लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराचे फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी, रसाला मागणी वाढत असताना बाजारात येते व सहसा चांगला भाव खाते. मात्र जूनचा पाऊस लांबला की हा बहार हुकतो. 2012-13 च्या दुष्काळात शेतकऱ्यांनी टँकरचे विकतचे पाणी घालून झाडे जगवायचा प्रयत्न केला, तरीही असंख्य बागा वाळल्या. ज्वारी-कापसाचा एक हंगाम बुडाला तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते; बाग गेली की अनेक वर्षांची गुंतवणूक जाते. हा धोका मानांकनाने कमी होत नाही.

1999 च्या भौगोलिक उपदर्शन कायद्याने संरक्षण मिळते ते नावाला. भावाची हमी त्यात नाही. नावाचा जादा भाव मिळायचा तर फळ कुठले, हे शेवटच्या गिऱ्हाइकाला कळले पाहिजे. मोसंबीची अडचण नेमकी इथे आहे. बाग पुष्कळदा झाडावरच उक्ती दिली जाते किंवा माल टनावर मोंढ्यात जातो. दूरच्या बाजारात तो इतर जिल्ह्यांच्या मालात मिसळतो आणि बराचसा रसाच्या गाड्यावर संपतो. पेल्यातला रस कोणत्या गावचा, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे भाव ठरतो तो आकार, साल, रस आणि त्या दिवसाची आवक पाहून. कोकणच्या हापूसचे तसे नाही: तो पेटीत, गावाच्या नावाने विकला जातो, आणि देवगडच्या बागायतदारांनी तर 2025 पासून प्रत्येक फळावर सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर लावण्याची पद्धत सुरू केली.

जिल्ह्याच्या दगडी ज्वारीलाही 2024 मध्ये मानांकन मिळाले. कडक दाण्याची, टिकाऊ ज्वारी पाकिटात बांधून नावासह विकणे नाशवंत फळापेक्षा सोपे आहे, म्हणून मानांकनाचा लाभ तिला लवकर मिळण्याजोगा आहे.

मोसंबीच्या बाबतीत पहिली पायरी अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदणीची. मानांकन समूहाचे असते. ते विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. पण मालावर नाव व चिन्ह लावण्याचा हक्क चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव नोंदवलेल्या उत्पादकालाच असतो. या नोंदणीचे शुल्क 2020 मध्ये 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आणले गेले. बागायतदारांनी ही नोंदणी करून घ्यावी आणि निवडक माल तरी एकत्रितपणे प्रतवारी करून, नावाच्या खोक्यातच विकावा.