पीसीओएस आणि इन्सुलिन : एका नात्याची कुळकथा

पाळी लांबणे, चेहऱ्यावर राठ केस येणे, दिवस न राहणे या पीसीओएसच्या (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमच्या) तक्रारींचा रक्तातल्या इन्सुलिनशी संबंध असल्याचे वैद्यकाला उशिरा उमगले. खूण मात्र जुनी होती. पॅरिसमध्ये अशार आणि तिएर यांनी 1921 मध्येच दाढी आलेल्या स्त्रियांमधल्या मधुमेहाची नोंद केली होती. 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी सात रुग्णांचे वर्णन केले, तेव्हा सगळे लक्ष मोठ्या झालेल्या बीजांडकोशांवर गेले. बीजांडकोशाचा पाचरीच्या आकाराचा भाग काढला की पाळी सुरू होई. साहजिकच दोष त्या अवयवाचाच ठरला. रक्तातले अत्यल्प इन्सुलिन मोजण्याची रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांची पद्धत 1960 मध्ये आली. तिच्याच आधारे 1980 मध्ये मेम्फिसच्या बर्घन, गिव्हन्स आणि किताबची यांनी दाखवले, की या आजारात इन्सुलिन जितके जास्त, तितकी पुरुषी संप्रेरकेही जास्त.

पण दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. दोन्हींचे मूळ लठ्ठपणात असेल, हा पहिला आक्षेप. 1989 मध्ये अँड्रिया डुनाइफ यांना सडपातळ रुग्णांतही, तेवढ्याच वजनाच्या निरोगी स्त्रियांच्या तुलनेत, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडताना दिसला. पुरुषी संप्रेरकेच इन्सुलिन वाढवत असतील, हा दुसरा. त्याची कसोटी 1989 मध्ये जॉन नेस्लर यांनी लावली : लठ्ठ रुग्णांचे इन्सुलिन औषधाने उतरवले, तर टेस्टोस्टेरॉनही उतरले. कारण असे, की स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड ते अधिक सोडते; बीजांडकोश मात्र दाद देत राहतात आणि जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतात. त्याला बांधून ठेवणारे प्रथिनही यकृतात कमी बनते. मोकळे टेस्टोस्टेरॉन केस आणि मुरुमे वाढवते, बीज पक्व होणे अडते आणि पाळी चुकते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. इन्सुलिन हेच मूळ असते, तर इन्सुलिन उतरवणाऱ्या मेटफॉर्मिनने सगळे सुटायला हवे होते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत बीज पक्व होण्यास मदत करणारे क्लोमिफेन घेणाऱ्या 22.5 टक्के स्त्रियांना मूल झाले, मेटफॉर्मिनवरच्या फक्त 7.2 टक्के स्त्रियांना. शिवाय प्रत्येक रुग्णात इन्सुलिनचा दोष सापडतही नाही. यावरून इन्सुलिन एकमेव कारण नाही हे सिद्ध होते. ते कारणांपैकी एक आहे, हे खोडले जात नाही. म्हणूनच निदान होताच, वजन कितीही असो, साखर तपासायला हवी. केवळ पाळी नियमित करून थांबणे म्हणजे रुग्णाच्या पुढच्या मधुमेहाच्या धोक्याकडे डोळेझाक करणे आहे.