तांब्याभर पाणी आणि लक्ष्मीबाई टिळक

मागच्या महिन्यात पोलादपूरकडच्या एका वाडीत गटाची बैठक होती. ज्या ताईंच्या पडवीत बसलो, त्यांनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं. हप्ते गोळा झाले, हिशोब झाला, सह्या-अंगठे झाले. तांब्या तसाच भरलेला. कुणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि मीही प्यायले नाही.

येताना एसटीत लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. बी.ए.ला असताना त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं होतं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील इतके सोवळे, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घेत नसत. अशा घरातली ही मुलगी, शाळेत न गेलेली. लहानपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, आणि डोक्यात आलं की करून मोकळे होणारे. १८९५ साली ते मुंबईत ख्रिस्ती झाले. बायकोवर आभाळ कोसळलं. काही काळ त्या वेगळ्या राहिल्या. मग नवऱ्याजवळ आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं.

पुढे राहुरीला असताना त्यांनी स्वतःच विचार केला: देवानं माणूस केला, जाती कुणी केल्या? आणि ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. मला यातली गंमत ही वाटते, की तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. तो नंतर, १९०० साली. आधी घरातली घागर बदलली, धर्म मागून आला.

आणि ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी केलं काय? दुष्काळात पोरकी झालेली मुलं घरात घेतली, त्यांची आजारपणं काढली, अपुऱ्या पैशात एवढ्या तोंडांचा संसार ओढला. टिळक १९१९ साली गेले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ या न शिकलेल्या बाईनं पुरं केलं.

पाणी म्हटलं की आपल्याला आपलं महाड आठवतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. लक्ष्मीबाई तेव्हा हयात होत्या, साठीला टेकलेल्या. तळं सगळ्यांचं, त्यासाठी कोर्टात भांडता आलं, भांडलेही. पडवीतल्या तांब्यासाठी कोर्ट नाही. तिथं आपण दहा-बाराजणी, आणि प्रत्येकीची तहान.

त्या ताईंनी नंतर तांब्या उचलून अंगणातल्या तुळशीला ओतला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पुढची बैठक मी त्यांच्याकडेच ठेवली आहे, १० तारखेला, दुपारी दोनला.