आभासी यंत्रातून प्रत्यक्ष डिस्क पार्टिशनचा थेट वापर

आभासी यंत्रातून प्रत्यक्ष डिस्क पार्टिशनचा थेट वापर ही संगणकीय आभासीकरणातील एक पद्धत आहे. या पद्धतीत आभासी यंत्राला साठवणीसाठी प्रतिमा-फाइल न देता संगणकातील खऱ्या हार्ड डिस्कचे किंवा एसएसडीचे एखादे पार्टिशन अथवा संपूर्ण डिस्क दिली जाते. सर्वसामान्य फाइल प्रणाली एका वेळी एकाच संचालन प्रणालीच्या ताब्यात असेल असे गृहीत धरून रचलेली असते. त्यामुळे तेच पार्टिशन यजमान आणि अतिथी या दोन्ही प्रणालींनी एकाच वेळी वापरल्यास त्यातील माहिती नष्ट होऊ शकते. याच कारणाने ही सुविधा जाणकार वापरकर्त्यांसाठीची मानली जाते.

पार्श्वभूमी

ज्या खऱ्या संगणकावर आभासी यंत्र चालते त्याच्या संचालन प्रणालीस यजमान, तर आभासी यंत्राच्या आत चालणाऱ्या प्रणालीस अतिथी म्हणतात. सामान्यतः अतिथीची हार्ड डिस्क ही यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते. अशी फाइल उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येते, तिची प्रत काढता येते आणि यजमानाच्या इतर फाइलींना तिचा उपद्रव होत नाही. थेट वापरात हा मधला थर नसतो. अतिथीने लिहिलेली माहिती प्रत्यक्ष डिस्कच्या सेक्टरांवर जाते.

इतिहास

आभासी यंत्राला खऱ्या डिस्कचा भाग देण्याची कल्पना वैयक्तिक संगणकांहून जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये जाहीर केलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत प्रत्येक आभासी यंत्राला 'मिनीडिस्क' मिळत असे. मिनीडिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरील सलग सिलिंडरांचा ठरावीक पट्टा होय. एकच मिनीडिस्क अनेक यंत्रांना जोडता येई. मात्र ती केवळ वाचनासाठी आहे की लेखनासाठी, हे जोडताना सांगावे लागे.

वैयक्तिक संगणकांवर ही पद्धत विशेषतः दोन संचालन प्रणाली एकाच संगणकावर ठेवणाऱ्यांमुळे रूढ झाली. ॲपलने २००६ मध्ये 'बूट कॅम्प' आणल्यावर इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर विंडोजसाठी वेगळे पार्टिशन करता येऊ लागले. पॅरलल्स डेस्कटॉप आणि व्हीएमवेअर फ्यूजन या सॉफ्टवेअरांनी तेच पार्टिशन मॅक चालू असतानाच आभासी यंत्रात चालवण्याची सोय दिली.

कार्यपद्धती

निरनिराळ्या सॉफ्टवेअरांत ही सुविधा निरनिराळ्या प्रकारे मिळते.

व्हर्च्युअलबॉक्स: यात व्हीएमडीके प्रकारची एक लहान वर्णन-फाइल तयार केली जाते. तिच्यात माहिती नसते. कोणती डिस्क आणि तिची कोणती पार्टिशने वापरायची एवढाच निर्देश असतो. निवडक पार्टिशने दिल्यास पार्टिशन तक्त्याची प्रत वेगळ्या फाइलीत ठेवली जाते. अतिथीला पूर्ण डिस्क असल्याचे भासते, पण न दिलेल्या पार्टिशनांतील माहिती त्याला मिळत नाही.

क्यूईएमयू व केव्हीएम: लिनक्समध्ये प्रत्येक डिस्क व पार्टिशन ही एक उपकरण-फाइल असते. प्रतिमा-फाइलीच्या जागी तिचाच पत्ता देता येतो. केवळ एक पार्टिशन दिल्यास अतिथीला ती पार्टिशन तक्ता नसलेली स्वतंत्र डिस्क दिसते. त्यामुळे त्या पार्टिशनवर आधीपासून असलेली विंडोज तशीच सुरू होत नाही.

हायपर-व्ही: मायक्रोसॉफ्टच्या या हायपरवायझरमध्ये 'पास-थ्रू डिस्क' म्हणून संपूर्ण डिस्क देता येते. त्याआधी ती यजमान विंडोजमध्ये ऑफलाइन करावी लागते.

व्हीएमवेअर ईएसएक्स: 'रॉ डिव्हाइस मॅपिंग' या नावाने सामायिक साठवणीतील उपकरण आभासी यंत्राला जोडता येते.

उपयोग

दुहेरी बूट असलेल्या संगणकावर दुसरी प्रणाली पुन्हा सुरू न करता चालवणे, जुन्या संगणकातून काढलेल्या डिस्कवरील प्रणाली तपासणे आणि मोठ्या डेटाबेससाठी मधल्या फाइल प्रणालीचा भार टाळणे हे याचे प्रमुख उपयोग आहेत. वेगातील लाभ मात्र परिस्थितीवर अवलंबून असतो. पूर्ण जागा आधीच राखून ठेवलेल्या प्रतिमा-फाइलीच्या तुलनेत तो अनेकदा अल्प असतो.

माहिती बिघडण्याची कारणे

संचालन प्रणाली पार्टिशन जोडते तेव्हा कोणते खंड मोकळे आहेत आणि कोणत्या निर्देशिकेत काय आहे, ही नोंद ती स्मृतीत ठेवते. प्रत्येक वेळी डिस्क पुन्हा वाचली जात नाही. समजा, अतिथीने एका मोकळ्या खंडावर नवी फाइल लिहिली. यजमानाच्या स्मृतीतील नोंदीनुसार तो खंड अजूनही मोकळाच असतो. यजमान त्याच खंडावर स्वतःची फाइल लिहितो आणि अतिथीची फाइल पुसली जाते. दोन्ही प्रणालींना त्या क्षणी कोणतीही चूक दिसत नाही. बिघाड बहुधा नंतर, फाइल उघडताना किंवा प्रणाली पुन्हा सुरू करताना उघड होतो.

एका बाजूने केवळ वाचनासाठी जोडणी केली तरी धोका पूर्णतः टळत नाही. वाचणाऱ्याला शिळी माहिती मिळू शकते. शिवाय ईएक्सटी४ सारख्या फाइल प्रणालीत, केवळ वाचनासाठी जोडतानाही अपूर्ण राहिलेल्या नोंदवहीतील बदल डिस्कवर लिहिले जाऊ शकतात.

यजमान आणि अतिथी एकाच वेळी चालू नसतानाही हाच प्रकार घडू शकतो. आभासी यंत्र बंद न करता त्याची स्थिती जतन केली, त्यानंतर तेच पार्टिशन थेट बूट केले आणि मग आभासी यंत्र जतन स्थितीतून पुन्हा सुरू केले, तर त्याच्या स्मृतीतील जुनी नोंद डिस्कवरील नव्या स्थितीशी जुळत नाही. विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप' सुविधेत बंद केलेली विंडोजही अंशतः निद्रितावस्थेत राहते, म्हणून तिचे पार्टिशन देण्यापूर्वी ती सुविधा बंद करणे आवश्यक ठरते.

खबरदारी

पार्टिशन अतिथीला देण्यापूर्वी ते यजमानातून विलग करणे, त्याची स्वयंचलित जोडणी बंद करणे आणि माहितीची प्रत अन्य डिस्कवर घेणे आवश्यक असते. यजमान ज्या पार्टिशनवरून चालत आहे ते अतिथीला देऊ नये. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावे संगणक सुरू होताना बदलू शकतात. त्यामुळे डिस्कच्या कायम ओळख-क्रमांकावर आधारित नाव वापरणे सुरक्षित असते. डिस्कवर थेट लिहिण्यासाठी उच्च अधिकार लागतात. ते वापरकर्त्याला दिल्यास फाइलनिहाय परवानग्या ओलांडून संपूर्ण डिस्क त्याच्यासाठी खुली होते.

मर्यादा आणि पर्याय

प्रतिमा-फाइलीप्रमाणे पार्टिशन सहज हलवता येत नाही. स्नॅपशॉटची सोयही सर्वत्र नसते. रॉ डिव्हाइस मॅपिंगच्या भौतिक प्रकारात ती उपलब्ध नाही. आधीपासून असलेली विंडोज आभासी यंत्रात चालवल्यास तिला वेगळे हार्डवेअर दिसते, त्यामुळे पुन्हा सक्रियन मागितले जाऊ शकते.

केवळ फाइलींची देवाणघेवाण हवी असल्यास सामायिक फोल्डर किंवा जाळ्यावरील फाइल सेवा पुरेशी ठरते, कारण त्यात पार्टिशनचा ताबा एकाच प्रणालीकडे राहतो. अनेक यंत्रांनी एकाच साठवणीवर खरोखरच लिहायचे असेल, तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ यांसारख्या क्लस्टर फाइल प्रणाली वापरल्या जातात. त्यांत कोणता भाग कोणाच्या ताब्यात आहे, हे कुलूप-यंत्रणेने ठरवले जाते.