मेथोट्रेक्सेटची कुळकथा

फर्दापुरातल्या एका मावशींना आमवात आहे. सकाळी तासभर मूठ मिटत नाही, भाकरी थापायची तर लांबच. दर सोमवारी त्या मेथोट्रेक्सेट घेतात, मंगळवारी फॉलिक ॲसिड. भिंतीवरच्या कालनिर्णयवर सोमवारांना लाल गोल केलेले आहेत, कारण पहिली गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं.

या दोन्ही गोळ्यांचं कूळ एक, आणि ते निघतं मुंबईत. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणी जीवघेणा रक्तक्षय होई. त्याचं कारण ती शोधत होती. उतारा मिळाला तो मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्कात. १९३१ मध्ये तिने तो जाहीर केला. त्यातला गुणकारी घटक फॉलिक ॲसिडच्याच कुळातला, हे पुढे कळलं. अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत बनवलं आणि मग त्याचे तोतयेही घडवले. पेशी फसते, तोतयाला धरून बसते आणि तिची वाढ खुंटते. १९४७-४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी असाच एक तोतया, अमिनोप्टेरिन, रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिला. १९५१ मध्ये गुबनर यांनी तो आमवातावर वापरला. पण तेव्हा सगळीकडे कॉर्टिझोन या औषधाचा बोलबाला होता आणि तो मागे पडला. त्याच घराण्यातल्या मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली थेट १९८८ मध्ये.

एक गोष्ट मला फार लागते. ज्या गरोदर बायकांमुळे हे कूळ सुरू झालं, त्यांनाच हे औषध वर्ज्य. पोटातल्या बाळाला फॉलिक ॲसिड लागतंच.

आमवातात शरीराचे रक्षक स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडतात. मेथोट्रेक्सेट त्यांना शांत करतं, पण नेमका गुन्हेगार ओळखत नाही; म्हणून यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या चुकत नाहीत. नेम धरणारी काही औषधंही कर्करोगाच्याच वॉर्डातून आली. या रक्षकांपैकी फक्त बी-पेशींना गाठणारं रिटुक्सिमॅब १९९७ मध्ये लिम्फोमासाठी आलं, २००६ मध्ये आमवातासाठी. २०२१ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनला ल्युपस या अशाच स्वतःवर उलटणाऱ्या आजाराच्या एका तरुणीला तिच्याच टी-पेशी बदलून परत दिल्या आणि तिचा आजार ओसरला. तशीच कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने घडवली. २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली ती रक्ताच्या कर्करोगासाठी.

गुबनर यांच्या प्रयोगापासून १९८८ च्या मंजुरीपर्यंत सदतीस वर्षं गेली. सांधे तेवढी वाट पाहत नाहीत.