लाच एकच, हिशोब मात्र वेगवेगळा

आज जाऊया इराकला.

१९९० मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत गिळलं आणि संयुक्त राष्ट्रांनी इराकवर निर्बंध लादले. तेल विकणं बंद, म्हणजे तिजोरीत खडखडाट. हाल झाले सामान्य लोकांचे. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजना सुरू झाली. इराकने तेल विकायचं, पैसे संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या खात्यात जमा करायचे, आणि त्यातून धान्य-औषधं घ्यायची. सद्दामच्या हातात रोकड नाही!

पण पळवाट निघालीच. २००० पासून इराकने तेल घेणाऱ्यांकडे पिंपामागे १० ते ३० सेंट जादा मागितले. माल विकणाऱ्यांकडे साधारण १० टक्के. मग माल विकणाऱ्या कंपन्या काय करायच्या? तेवढी रक्कम किमतीत चढवायच्या. बिल चुकतं व्हायचं त्याच खात्यातून. म्हणजे लाच कंपनीने दिली, पण खिसा कापला गेला इराकी माणसाचा. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

ऑक्टोबर २००५ मध्ये पॉल व्होल्कर समितीचा अहवाल आला. २,२०० हून जास्त कंपन्या, सुमारे १.८ अब्ज डॉलरचा मलिदा. पुढे काय झालं?

टेक्सासचा तेल व्यापारी ऑस्कर वायट गुन्हा कबूल करून तुरुंगात गेला. शेव्हरॉनने ३ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. ऑस्ट्रेलियाच्या एडब्ल्यूबी या गहू कंपनीने 'ट्रकभाडं' म्हणून २२ कोटी डॉलरच्या आसपास दिले होते. तिथे मोठी चौकशी झाली, पण फौजदारी खटला कुणावरच नाही. फ्रान्सची टोटल २०१३ मध्ये निर्दोष सुटली, २०१६ मध्ये अपिलात तिला साडेसात लाख युरो दंड झाला. आणि आपल्याकडे? अहवालात नाव आल्यावर नटवर सिंह यांनी आरोप फेटाळले, पण मंत्रिपद गेलं. यादीत भारतीय कंपन्याही होत्या, चर्चा मात्र राजकारणाभोवतीच फिरली.

असं का? कारण व्होल्कर समिती फक्त नावं सांगू शकत होती. शिक्षा द्यायची ती प्रत्येक देशाने, आपापल्या कायद्याने आणि आपापल्या इच्छेने. नियम जगाचा, पण न्याय घरचा.

आजही निर्बंधांच्या बातम्या रोज येतात. पुढची बातमी ऐकाल तेव्हा एवढंच विचारा: नियम मोडला तर पकडणार कोण, आणि शेवटी पैसे कुणाच्या खिशातून जाणार?

भेटूया पुढच्या भागात!